मानेतील व जबड्याखालील गाठी : एक अभ्यास

संघाच्या स्मरणिकेसाठी दर वर्षी मी धान्याच्या आवकेवर अथवा भावांच्या चढउतारावर चार पाने लिहीत आलो आहे. या वर्षी विषय बदलण्याची परवानगी कार्यवाहांकडे मागितली व त्यांनी ती दिली. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने शरीरशास्त्रावर लिहावे, हे काही सभासदांस विचित्र वाटेल. तथापि हा विषय मी आपण होऊन निवडलेला नाही. तो माझ्या दुकानात आणि माझ्या घरात चालून आला, आणि दोन्ही वेळा त्याने मला अडाणी ठरविले. त्यानंतर जे वाचले, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतले, ते सभासदांपुढे ठेवीत आहे.

सन 2011 च्या दिवाळीतील गोष्ट. रविवार पेठेतील आमच्या दुकानात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वह्यांवर कुंकू वाहताना आमच्या दिवाणजींच्या डाव्या जबड्याखाली मला एक फुगवटा दिसला. मी विचारले, "दिवाणजी, हे काय?" ते हसून म्हणाले, "काही नाही अण्णा, गाठ आली आहे. दुखत नाही." मी म्हणालो, "दुखत नाही ना? मग मिठाच्या पुरचुंडीने शेक द्या, बसेल." एवढे बोलून आम्ही दोघेही पूजेकडे वळलो. तीस वर्षे ज्यांनी माझ्या पेढीचा पै-पैचा हिशोब सांभाळला, त्यांना मी दिलेला हा सल्ला. तो किती चुकीचा होता हे पुढे येईल. आधी गाठ म्हणजे काय ते पाहू.

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज आणखी एक वाहिन्यांचे जाळे आहे. त्यातून लसीका नावाचा फिकट, पाण्यासारखा द्रव वाहतो. पेशींच्या सभोवतालचा जादा द्रव, तेथील केरकचरा व शिरलेले रोगजंतू गोळा करून हा प्रवाह अखेर गळ्याच्या तळाशी रक्तात मिसळतो. वाटेत ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या ग्रंथी असतात. सबंध शरीरात त्या सुमारे सहाशे असून त्यांचा फार मोठा वाटा एकट्या मानेत आहे. नाक, तोंड व घसा हे शरीराचे उघडे दरवाजे असल्यामुळे पहाराही तेथेच अधिक असावा, हे स्वाभाविक होय. पायाला काटा रुतून पिकला की जांघेत अवधान येते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. मानेतील गाठ हे बहुतेक वेळा मानेतील अवधानच असते.

जकात आता गेली, पण जुन्या सभासदांना जकात नाका आठवत असेल. प्रत्येक नाक्यावर विशिष्ट रस्त्यानेच माल येई. नाक्यावर गर्दी दिसली की कोणत्या रस्त्याने गाड्या आल्या, हे सांगता येत असे. ग्रंथींचेही तसेच आहे. डोक्यात उवा होऊन अथवा खरूज होऊन जखमा झाल्या की मुलांच्या मानेच्या मागील बाजूस, केसांच्या कडेला गाठी येतात. टॉन्सिल सुजल्यास जबड्याच्या कोनाखाली गाठ येते. खालची दाढ किडली, हिरडी पिकली, जिभेला अथवा ओठाला जखम झाली, तर जबड्याच्या हाडाखाली गाठ लागते. म्हणून गाठीकडे पाहणारा चांगला डॉक्टर प्रथम गाठ सोडून तोंड उघडायला लावतो. आमच्याकडे पुष्कळांना याचे नवल वाटते. "गाठ मानेला, आणि हा माणूस दाढा मोजतो" असे मी स्वतःही एकदा म्हटलेले आहे.

गळ्याच्या अगदी तळाशी, गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खोबणीत येणारी गाठ मात्र वेगळी समजावी. तेथील ग्रंथींचा संबंध छातीशी व पोटाशी असतो. विशेषतः डाव्या बाजूची तेथील गाठ कधी कधी जठराच्या कर्करोगाची पहिली खूण ठरते. तेथे गाठ हाताला लागली, तर आठवडे मोजत बसण्याचे कारण नाही, लगेच दाखवावी.

जबड्याजवळ सुजणारी प्रत्येक वस्तू लसीका ग्रंथी नसते. लाळेच्या ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या येथेच आहेत: कानापुढे, जबड्याखाली व जिभेखाली. गालगुंड म्हणतात तो कानापुढील लाळग्रंथीचा, विषाणूमुळे होणारा रोग. कानाची पाळी वर उचलली जाते, गाल फुगतो, तोंड उघडताना व आंबट खाताना कळ येते. लागण झाल्यापासून साधारण सोळा ते अठरा दिवसांनी सूज दिसते, आणि सूज आल्यापासून पाच दिवस रुग्णाने इतरांपासून वेगळे राहावे असे सांगतात. मुलांत हा रोग बहुधा सौम्य असतो. वयात आलेल्या पुरुषांत मात्र अंडकोषाला सूज येण्याचा संभव असतो, व क्वचित एका कानाचे ऐकणे कायमचे जाते. येथे एक गोष्ट माता-भगिनींनी ध्यानात घ्यावी. सन 2017 च्या फेब्रुवारीत कर्नाटक, गोवा इत्यादी प्रदेशांतून जी मोठी लसमोहीम सुरू झाली, ती गोवर व रुबेला या दोन रोगांची होती. तिच्यात गालगुंडाचा अंश नव्हता. गालगुंडाची तिसरी लस जोडलेली सुई निराळी असते. आपल्या नातवंडांना कोणती दिली आहे, हे त्यांच्या लसीकरणाच्या कार्डावर पाहून बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

जबड्याखालच्या लाळग्रंथीत खडा होतो, ही गोष्ट मला पूर्वी ठाऊक नव्हती. तेथील लाळ दाट असते व तिला चढावर वाहावे लागते, म्हणून लाळेच्या खड्यांपैकी बहुतेक तेथेच सापडतात. याची खूण मोठी गमतीची आहे. पानावर बसले, लोणच्याची फोड तोंडात घातली की जबड्याखाली गोळा उभा राहतो, आणि जेवणानंतर तास-दोन तासांत ओसरतो. असे वारंवार होऊ लागले तर खडा आहे असे धरून चालावे.

लाळेवरून उपवासाची गोष्ट निघते. पर्युषणात अथवा दशलक्षण पर्वात वडीलधारी मंडळी निर्जळ उपवास करतात. त्याविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. माझ्या मातोश्रींनी ते आयुष्यभर केले. परंतु शरीरातील पाणी कमी झाले की लाळ आटते, व जी वाट लाळ धुऊन स्वच्छ ठेवीत असते त्या वाटेने तोंडातील जंतू उलटे ग्रंथीत शिरतात. वृद्ध माणसांत, विशेषतः लघवी जास्त होण्याची औषधे घेणाऱ्यांत, उपवासाच्या शेवटी एका बाजूला कानापुढे लालबुंद, ठणकणारी सूज येते व ताप भरतो. मातोश्रींना सत्त्याहत्तराव्या वर्षी असे झाले होते, आणि आम्ही म्हातारपणी गालगुंड झाले म्हणून हळदीचा लेप देत बसलो. पारण्यानंतर भरपूर पाणी, लाळ सुटेल असे आंबट, हलक्या हाताने मागून पुढे चोळणे आणि डॉक्टरांनी दिलेले जंतुनाशक औषध यांनी अशी सूज उतरते. लेपाने काही झाले नाही. नियमाने औषधे घेणाऱ्या वृद्धांनी उपवासाचा निश्चय करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी एकदा बोलावे, एवढेच सुचवितो.

गळ्याच्या पुढील बाजूस, मध्यभागी येणारा व घोट गिळताना वरखाली हलणारा फुगवटा हा गलगंड होय. तो थायरॉइड ग्रंथीचा. त्याचा विचार स्वतंत्र आहे, येथे नको.

आता गंडमाळेकडे वळतो, कारण हा विकार आमच्या घरात आला. आयुर्वेदाने गलगंड व गंडमाळा यांत पूर्वीच भेद केला आहे: एक गाठ ती गलगंड, अनेक गाठींची माळ ती गंडमाळा. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे वर्णन एकाच अध्यायात येते. युरोपात याच रोगाला राजाचा हात लागला की तो बरा होतो अशी समजूत शतकानुशतके होती. इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन यास तो लहान असताना, सन 1712 मध्ये, राणी ॲनपुढे स्पर्शासाठी नेले होते. त्याचा रोग त्या स्पर्शाने गेला नाही; मानेवरचे व्रण त्याने जन्मभर वागविले. सन 1882 च्या 24 मार्च रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, आणि पुढे हे स्पष्ट झाले की गंडमाळा म्हणजे बहुतांशी मानेच्या ग्रंथींचा क्षयच.

माझी पुतणी त्या वेळी एकवीस वर्षांची होती. सन 2021 च्या उन्हाळ्यात तिच्या मानेच्या उजव्या बाजूस एकीला एक चिकटलेल्या तीन गाठी दिसू लागल्या. दुखत नव्हत्या. संध्याकाळी अंग किंचित कोमट लागे, वजन चार किलो उतरले होते. ते दिवस कोरोनाचे. अशक्तपणा त्याचाच असेल असे सर्वांनी मानले. माझ्या धाकट्या वहिनींनी ओढणी गळ्याशी गुंडाळून घ्यायला सांगितली. मुलगी लग्नाची, पाहुणे यायचे. कोणाला दिसू नये. पुढे गाठ मऊ पडली तेव्हा गावातील एका ठिकाणी ती चिरून घेतली. तपासणी न करता चिरली. ज्यांनी चिरली त्यांचे नाव घेण्यात काही अर्थ नाही, कारण घाई त्यांची जितकी तितकीच आमची. जखम भरेना. पाच महिने ती वाहत राहिली, व तिच्या उशीचे अभ्रे वहिनी रात्री गुपचूप धूत. मला हे कळले ते पुतणीने स्वतः दुकानात येऊन सांगितले तेव्हा. "थोरले काका, मला दवाखान्यात न्या. आईला सांगू नका" एवढेच ती बोलली.

सरकारी दवाखान्यात तिच्या दुसऱ्या गाठीत बारीक सुई घालून नमुना काढला. आपण पोते न उसवता नमुना काढायची लोखंडी नळी खुपसतो व मूठभर दाणे हातावर घेऊन आतील मालाची जात, ओल व कीड ओळखतो. ही तपासणी नेमकी तशीच आहे. सुई इंजेक्शनच्या सुईइतकीच असते. भूल द्यावी लागत नाही, आणि काम पाच-दहा मिनिटांत होते. नमुन्याचा काही भाग काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात व काही भागातून क्षयाच्या जंतूची जीन एक्सपर्ट नावाची चाचणी करतात; औषधाला दाद देणारा जंतू आहे की न देणारा, याचाही काही अंदाज त्याच चाचणीत येतो. सुई लावली की गाठ पसरते अशी आपल्याकडे भीती आहे. मी ती तिघा डॉक्टरांपुढे मांडली. तिघांनीही अशा बारीक सुईने तसे घडत नाही असे सांगितले. पोते उसवून माल रस्त्यावर सांडावा तशी गाठ आंधळेपणाने चिरण्यात मात्र खरा धोका असतो, आणि तो आम्ही पाहिला होता.

क्षयाचे निदान झाले. सहा महिने औषध: पहिले दोन महिने चार औषधे, पुढील चार महिने तीन. ती राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातून मोफत मिळतात. पोषणासाठी सन 2018 पासून महिना 500 रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होऊ लागले. नोव्हेंबर 2024 पासून ती रक्कम 1000 झाली. आपल्यासारख्यांना त्या पैशांची गरज नसेल, परंतु आपल्या हमालांना व गाडीवानांना आहे. हे त्यांना सांगण्याचे काम आपले आहे. औषधाने लघवी नारिंगी होते, त्यास घाबरू नये. दुसऱ्या महिन्यात पुतणीची एक गाठ उलट मोठी झाली, तेव्हा औषध लागू पडत नाही म्हणून घरात रडारड झाली. उपचार चालू असताना कित्येकदा असे होते व ते औषध फसल्याचे लक्षण नव्हे, असे डॉक्टरांनी समजाविले. औषध सोडायचे नाही, एवढे तिने पाळले. तिच्या फुप्फुसांत रोग नव्हता. ज्यांना केवळ ग्रंथींचा क्षय असतो त्यांच्यापासून घरच्यांना लागण होत नाही. तरीही तिचे ताट-वाटी आमच्या घरात चार महिने वेगळे राहिले, हे येथे लिहून ठेवतो. वाहती जखम तिसऱ्या महिन्यात भरली. व्रण आहे. तिने ओढणी गुंडाळणे सोडले आहे.

दिवाणजींची हकीकत अर्धवट राहिली. ते चाळीस वर्षे तंबाखू-चुना डाव्या गालात धरीत. निपाणीची उत्तम तंबाखू मीच त्यांना आणून देत असे, दिवाळीच्या बक्षिसाबरोबर एक डबा. त्यांच्या तोंडात, हिरडी व गाल यांच्यामध्ये, एक पांढरट चट्टा होता व त्यावर न भरणारा फोड. तोही दुखत नव्हता. गाठ ही त्या फोडाची होती: नाक्यावरची गर्दी. अक्षय तृतीयेपर्यंत तोंड दोन बोटांवर उघडेना तेव्हा आम्ही त्यांना नेले. गाठ तोवर लिंबाएवढी, दगडासारखी कठीण व खालच्या मांसाला चिकटलेली झाली होती. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. किरणांचे उपचार झाले. चौदा महिन्यांनी ते गेले.

ते सहा महिने लवकर गेले असते तर वाचलेच असते असे मी म्हणत नाही. परंतु तोंडाच्या कर्करोगात मानेच्या ग्रंथींना किती महत्त्व आहे, याचा मोठा अभ्यास मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाला व सन 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाचा कर्करोग प्रारंभीच्या अवस्थेत असलेल्या, म्हणजे मानेत गाठ हाताला लागतसुद्धा नाही अशा रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेच्या ग्रंथी काढल्या; दुसऱ्या गटात गाठ पुढे उद्भवली तरच काढल्या. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील शंभरापैकी 80 जण हयात होते, दुसऱ्यातील 67 ते 68. हिशोब करणाऱ्यांना या आकड्यांचा अर्थ सांगणे नको. आणि हे गाठ लागण्यापूर्वीचे आकडे आहेत. आम्ही तर गाठ डोळ्यांनी दिसत असता मिठाची पुरचुंडी करीत होतो.

माझी मूळ चूक एका शब्दात होती: "दुखत नाही ना?" दुखणे म्हणजे रोग व न दुखणे म्हणजे सुखरूपता, असा आपला समज असतो. मानेच्या गाठीत तो बहुधा उलटा पडतो. घसा बसला, दाढ ठणकली आणि दोन दिवसांत हुळहुळी, मऊ गाठ आली, तर ती ग्रंथी आपले काम करीत आहे. मूळ विकार बरा झाला की दोन ते चार आठवड्यांत ती उतरते. लहान मुलांत तुरीच्या दाण्याएवढी गाठ महिनोन् महिने हाताला लागत राहिली तरी बहुधा काळजीचे कारण नसते. आपल्या मालाच्याच मापाने सांगायचे, तर काबुली चण्याहून मोठी, कठीण, बोटांखाली न सरकणारी, न दुखता वाढत जाणारी गाठ ही संशयास्पद. रबरासारखी लवचिक, एकाहून अधिक ठिकाणी आलेली, सोबत रात्री अंगरखा भिजेल असा घाम व वजनात घट, हीही लगेच दाखविण्याजोगी. ती लसीका ग्रंथींच्याच कर्करोगाची असू शकते. त्याच्या एका प्रकाराचे वर्णन लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी सन 1832 मध्ये केले. आज त्या प्रकारातील बहुसंख्य रुग्ण बरे होतात. तेथे सुईचा नमुना अपुरा पडतो व एक सबंध गाठ काढून तपासावी लागते. चाळिशीपुढील माणसाच्या, त्यातून तंबाखू खाणाऱ्याच्या मानेत गाठ तीन आठवडे टिकली, की मूळ शोधल्याशिवाय स्वस्थ बसू नये. तंबाखू न खाणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये.

एका गोष्टीत तर तीन आठवडेसुद्धा थांबायचे नाही. खालच्या दाढेच्या दुखण्याबरोबर हनुवटीखालचा सगळा भाग फळीसारखा ताठरला, जीभ वर उचलली गेली, लाळ गिळता येईना अथवा श्वास कोंडू लागला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. त्यात तासांचा प्रश्न असतो.

आणखी एक सवय सांगतो, कारण ती आपल्या पेठेत सर्वत्र आहे. गाठ दिसली की औषधाच्या दुकानातून पाच गोळ्या आणायच्या. काही जंतुनाशके क्षयाला अर्धवट दाबतात, व पुढची तपासणी फसते. सूज उतरविणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ग्रंथींचा कर्करोग काही आठवडे लपून बसतो. गाठ उतरली म्हणून आपण खूश असतो.

मागील वर्षी सुगीत आमचा एक हमाल आपण होऊन माझ्याकडे आला. जबड्याखाली गाठ, महिनाभर झालेला. "अण्णा, दुखत नाही, म्हणून सांगायला आलो" असे तो म्हणाला. त्याच दुपारी त्याला नेले. तोंड उघडून पाहिले, क्ष-किरण छायाचित्र काढले, सुईने नमुनाही घेतला. खालच्या शेवटच्या दाढेच्या मुळाशी जुना पू होता. नमुन्यात वाईट काही निघाले नाही. दाढ काढली. गाठ पाच आठवड्यांत जिरली, आणि गव्हाची आवक संपण्यापूर्वी तो पोत्यांवर हजर होता.